नर्सने मोजलं, तेव्हा काय दिसलं

बाळंतपणासाठी दवाखान्यात आलेल्या बाईची ‘तयारी’ कशी करायची, हे विसाव्या शतकात बहुतेक ठिकाणी ठरून गेलं होतं. कपडे बदला, एनिमा द्या, खालचे केस वस्तऱ्याने काढा, मग खाटेवर आडवं करा. केसांत जंतू असतात, केस गेले की जंतू गेले, म्हणजे बाळंतिणीला ताप येणार नाही, असा त्यामागचा हिशेब होता. तो कोणी पडताळून पाहिला नव्हता असंही नाही. १९२२ साली अमेरिकेत केस काढलेल्या आणि न काढलेल्या बायकांची तुलना छापून आली होती. केस काढल्याने ताप टळतो असं तिच्यात दिसलं नव्हतं. तरी वस्तरा चालूच राहिला. १९८० साली मोना रॉम्नी या ब्रिटिश मिडवाइफने, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या शिकलेल्या सुईणीने, तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला, पाठोपाठ एनिमाचाही घेतला. निकाल तोच आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या शिफारशींत सरसकट केस काढणं आणि सरसकट एनिमा देणं, दोन्हींना नकार दिला. १९२२पासून मोजलं तर मधे शहाण्णव वर्षं गेली.

या सगळ्या काळात वस्तरा कोणाच्या हातात होता? नर्सच्या. आणि काही दिवसांनी केस पुन्हा फुटायला लागले की होणारी टोच, आग, खाज ही गाऱ्हाणी कोणाच्या कानावर पडत होती? तिच्याच. डॉक्टरांच्या कागदावर तापाचा आलेख होता, कारण ताप हा त्यांना पडलेला प्रश्न होता. खाजेला कुठल्याच कागदावर रकाना नव्हता. ज्या व्यक्तीला दोन्ही बाजू दिसत होत्या, तिला ‘हे आपण का करतो?’ असं विचारायची सोय नव्हती, आणि विचारलंच तर ‘इथे असंच करतात’ हे उत्तर तयार होतं.

माझं म्हणणं एवढ्यापुरतंच आहे. स्त्रियांच्या आरोग्यातले बरेच कळीचे प्रश्न खाटेपाशी उठतात आणि शिफ्टभर तिथे असणाऱ्या माणसाला ते आधी दिसतात. ते तपासून बघायला वेळ आणि उत्तर हाती आल्यावर जुनी रीत बंद करायचा अधिकार, या दोन गोष्टी त्या माणसाला मिळाल्या नाहीत, तर आपण अशीच शंभर-शंभर वर्षं घालवतो. म्हणून नर्सिंगमधलं संशोधन हा पदवीचा सोपस्कार धरायचा की उपचाराचाच भाग, हा प्रश्न नर्सिंग कॉलेजांच्या भिंतींआड सोडून देण्याजोगा नाही. त्याची किंमत रुग्ण मोजतात.

व्हिएन्नातल्या सेमेलवाइसची गोष्ट नेहमी एका हुशार, दुर्दैवी डॉक्टरची म्हणून सांगितली जाते. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने, म्हणजे बाळंतपणानंतर जंतू शिरून येणाऱ्या तापाने, होणारे मृत्यू धडाधड खाली आले. हे खरंच. पण त्याला शंका आली ती शेजारच्या वॉर्डामुळे. एका वॉर्डात वैद्यकीय विद्यार्थी शिकत होते, दुसऱ्यात मिडवाइफ. मिडवाइफच्या वॉर्डात मृत्यू स्पष्टपणे कमी होते. तो वॉर्ड नसता तर तुलनाच झाली नसती. त्या बायकांची नावं कोणाला ठाऊक नाहीत, ते असो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचंही तसंच. हातात कंदील घेतलेली बाई म्हणून तिचं चित्र भिंतीवर लावायचं, आणि तिने केलेली आकडेमोड विसरायची. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये मिडवाइफच्या शिक्षणासाठी तिच्या निधीतून चालवलेला बाळंतिणींचा वॉर्ड बाळंतरोगामुळे १८६७ साली बंद करावा लागला. तिने त्यावर पांघरूण घातलं नाही. ठिकठिकाणचे आकडे गोळा केले आणि १८७१ साली पुस्तक छापून सांगितलं, की घरी बाळंत होणाऱ्या बायकांपेक्षा अशा दवाखान्यांत येणाऱ्या बायका जास्त मरतात. स्वतः उभ्या केलेल्या कामाविरुद्ध जाणारा आकडा तिने स्वतःच लोकांपुढे ठेवला. नर्सिंगमधल्या संशोधनाची सुरुवात कुठून धरायची असं कोणी विचारलं तर मी इथूनच धरीन.

आता जरा जवळचं उदाहरण. बाळ बाहेर येताना योनिमार्ग आपोआप फाटू नये म्हणून आधीच कात्रीने चीर द्यायची, ही रीत एके काळी इतकी रुळलेली होती की पहिलटकरणीला चीर न देणं हाच अपवाद होता. सरळ चीर नीट शिवता येते, ओबडधोबड फाटलेलं नीट शिवता येत नाही, शिवाय पुढे लघवीवरचा ताबा शाबूत राहतो, अशी कारणं दिली जात. जेनिफर स्लीप या मिडवाइफने इंग्लंडमधल्या वेस्ट बर्कशायरमध्ये १००० बायकांवर याची चाचणी घेतली. ती १९८४ साली प्रसिद्ध झाली. एका गटात बाळंतपण करणाऱ्या मिडवाइफला सूचना होती की चीर शक्यतो टाळा, दुसऱ्या गटात सूचना होती की फाटू देऊ नका, म्हणजे गरज वाटताच चीर द्या. पहिल्या गटात सुमारे १० टक्के बायकांना चीर पडली, दुसऱ्यात सुमारे ५१ टक्के. एवढा फरक असूनही दहा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी होणाऱ्या वेदनेत फरक नव्हता, बाळांच्या तब्येतीत नव्हता. उलट चीर टाळलेल्या गटातल्या जास्त बायकांनी महिन्याभरात शरीरसंबंध पुन्हा सुरू केलेले होते. तीन वर्षांनी त्याच बायकांना पुन्हा विचारलं तेव्हा लघवीच्या ताब्यातही चीर दिलेल्यांचं काही भलं झालेलं दिसलं नाही.

त्या चाचणीत विचारलेले प्रश्न बघा. बसताना दुखतं का? नवऱ्याजवळ जाता येतं का? खोकल्यावर थेंब गळतात का? हे प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावरून सुचत नाहीत. बाळंतपणानंतर बाईच्या उशाशी जाऊन ‘कसं वाटतंय?’ असं रोज विचारणाऱ्या माणसाला ते सुचतात.

याच स्लीपबाईंनी पुढे १९८८ साली मिठाच्या पाण्याचा निकाल लावला. टाक्यांच्या जखमेला मिठाच्या पाण्यात बसणं चांगलं, हे डॉक्टरांचं नव्हे, मिडवाइफच्या पिढ्यांचं आपलं स्वतःचं मत होतं. १८०० बायकांच्या तीन गटांपैकी एकाला मीठ घातलेलं पाणी, दुसऱ्याला जंतुनाशक घातलेलं, तिसऱ्याला नुसतं, अशी वाटणी केली. जखम भरण्यात फरक नाही, दुखण्यात फरक नाही. आंघोळीने बरं वाटतं हे खरं निघालं, मिठाचा त्यात काही वाटा नव्हता. मला हे उदाहरण पहिल्यापेक्षाही जास्त आवडतं. मोजपट्टी हातात घेतली की ती आपल्याच माणसांनाही लागते, आणि नर्सिंगमध्ये हे धारिष्ट आहे हे त्यातून दिसतं. लंडनमध्ये डोरीन नॉर्टन यांनी १९६२ साली म्हाताऱ्या रुग्णांच्या पाठीवर पडणाऱ्या जखमांबाबत तेच केलं. तोवर नर्सेस पाठीला स्पिरिट चोळत, साबण लावत, नाना मलमं लावत, आणि प्रत्येक वॉर्डाचं आपलं एक रामबाण औषध असे. नॉर्टन यांना आढळलं की उपयोग होतो तो ठरलेल्या वेळी कूस बदलण्याचा. जखम कोणाला होईल हे आधी ओळखण्यासाठी त्यांनी पाच गोष्टींना गुण देण्याची जी पट्टी तयार केली, ती आजही वापरात आहे.

हे सगळं झालं हाताने करायच्या कामाबद्दल. दुसरा, मला जास्त गुंतागुंतीचा वाटणारा भाग आहे तो ऐकण्याचा.

औषधांच्या चाचण्यांत बायका फार उशिरा आल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ साली, मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळा, अशी मार्गदर्शक सूचना काढली आणि १९९३ साली ती मागे घेतली. हृदयविकाराच्या झटक्याचं जे चित्र पाठ्यपुस्तकांत बसलं ते बऱ्याच अंशी पुरुषांचं: छातीवर हात, डाव्या दंडात कळ, दरदरून घाम. जीन मॅकस्वीनी या नर्सने वेगळी वाट धरली. झटका येऊन गेलेल्या ५१५ बायकांना तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी विचारलं की आधीच्या काळात काय काय होत होतं. २००३ साली आलेल्या या अभ्यासात ९५ टक्के बायकांनी झटक्याच्या आधीपासून नवी किंवा वाढलेली लक्षणं सांगितली. सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे ७० टक्के जणींनी सांगितला तो विचित्र थकवा. त्याखालोखाल झोप बिघडणं आणि दम लागणं. आधीच्या दिवसांत छातीत काही जाणवल्याचं तीसेक टक्क्यांनीच सांगितलं. आणि प्रत्यक्ष झटका आला तेव्हाही ४३ टक्के बायकांच्या छातीत दुखलं नव्हतं.

या अभ्यासावर आक्षेप घेता येतात आणि घ्यायलाच हवेत. झटका येऊन गेल्यावर माणूस मागचं सगळं त्याच्याशी जोडून आठवतो. तुलनेला झटका न आलेल्या बायकांचा गट नव्हता. थकवा आणि अपुरी झोप ही तर कामाने पिचलेल्या कुठल्याही बाईची तक्रार असते. तेवढ्यावरून प्रत्येकीचा ईसीजी काढत बसलो तर खऱ्या रुग्णाला जागा उरणार नाही. सगळं कबूल. पण ‘थकवा’ या एका तक्रारीखाली किती वेगवेगळ्या गोष्टी असतात हे समोर बसून विचारल्याशिवाय कळणारच नव्हतं. रोजचा थकवा वेगळा आणि अंथरूण घालताना मधेच खाली बसावं लागणं वेगळं. केसपेपरवर दोन्हींची नोंद ‘अशक्तपणा’ अशीच होते. तिथे आणखी दोन प्रश्न विचारायचे की पुढच्या रुग्णाकडे वळायचं, हे दवाखान्याच्या दारात पहिल्यांदा भेटणारी नर्स ठरवते. तिने काय विचारावं याचं ज्ञान तिच्याच पेशातून आलं, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

बाळंतपणानंतरच्या नैराश्याचंही असंच आहे. जगभर वापरली जाणारी दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली १९८७ साली आली. ती बनवणाऱ्या तिघांपैकी जेनिफर होल्डन या हेल्थ व्हिजिटर होत्या, म्हणजे घरोघरी जाऊन आई-बाळाची विचारपूस करणाऱ्या नर्स. दोन वर्षांनी होल्डन आणि सहकाऱ्यांनी एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली: हेल्थ व्हिजिटरने आठवड्यातून एकदा जायचं, बसायचं, सल्ले न देता ऐकायचं. अशा आठ भेटी. तीन महिन्यांनी भेटी झालेल्या २६पैकी १८ जणी नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, नेहमीची सेवा मिळालेल्या २४पैकी ९. आकडा लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण ऐकून घेणं ही एक मात्रा आहे, ती किती वेळा द्यायची, कोणी द्यायची, हे तपासता येतं, हा विचार त्यात आहे. ‘नर्सने प्रेमाने बोलावं’ या उपदेशापेक्षा तो मला फार मोलाचा वाटतो. प्रेमाने बोलायला सांगणारे फलक दवाखान्यांत पुष्कळ असतात. बोलायला किती मिनिटं दिलीत, याचा फलक मी पाहिलेला नाही.

आणखी एक, थोडक्यात. खोकताना, शिंकताना लघवी सुटते म्हणून घराबाहेर पडायचं टाळणाऱ्या बायका असंख्य आहेत आणि त्यातल्या बहुतेक जणी हे कोणाला सांगत नाहीत. नर्स असलेल्या जॅनिस मिलर यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९८ साली एक साधी युक्ती तपासली: खोकला येणार असं वाटताच, तो येण्याच्या क्षणभर आधी, लघवी रोखण्याचे स्नायू आवळून धरायचे. २७ बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या, त्रास सौम्य ते मध्यम स्वरूपाचा. आठवडाभराच्या सरावाने खोकताना होणारी गळती बरीच कमी झाली. गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, आणि विकायला काहीच नाही. विकायला काही नसलेल्या उपायाचा प्रचार कोण करणार, हा प्रश्न मात्र तिथेच उरतो.

आता अधिकाराबद्दल. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभरात मातांच्या मृत्यूचं एक मुख्य कारण आहे. अडचण अशी की तो किती झाला हे डोळ्यांना कळत नाही. रक्त चादरीत मुरतं, पॅडमध्ये मुरतं, गर्भजलात मिसळतं, खाटेखालच्या बादलीत जातं. अनुभवी माणसाचा अंदाजही कमीच भरतो. बाई बोलत असते, नाडी जरा जलद असते, ‘थोडं जास्त वाटतंय’ असं कोणीतरी म्हणतं आणि तेवढ्यात वेळ निघून गेलेली असते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेला ई-मोटिव्ह हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातला मुख्य बदल म्हणजे प्लास्टिकचा एक कागद. बाईच्या खाली अंथरायचा, खालच्या टोकाला पिशवीसारखा खोलगट भाग, त्यावर मोजमापाच्या रेषा. रक्त तिथे जमतं आणि रेषेवर वाचता येतं. ठरलेल्या रेषेला पोचलं की थांबायचं नाही: गर्भाशयाला मालिश, आकुंचनाचं औषध, रक्तस्राव थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्झामिक अॅसिड, शिरेतून द्रव, आणि रक्त नेमकं कुठून येतंय याची तपासणी, हे सगळं एका पाठोपाठ एक करत न बसता एकदमच सुरू करायचं. हे करत होत्या त्या मुख्यतः मिडवाइफ. नेहमीच्या पद्धतीत सुमारे निम्मेच रक्तस्राव वेळीच ओळखले जात होते, इथे ९३ टक्के ओळखले गेले. अतिरक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

या अभ्यासाचं नेतृत्व डॉक्टरांकडे होतं, तेव्हा त्याचं श्रेय नर्सिंगच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. तरी माझ्या म्हणण्याला तो दुसऱ्या अंगाने लागू पडतो. मोजायचं साधन हातात होतं आणि ‘डॉक्टर येईपर्यंत थांबा’ हे वाक्य काढून टाकलं होतं. यातलं एकच केलं असतं तर? रेषेवर पाचशे मिलीलिटर दिसतंय आणि औषध सुरू करायची परवानगी नाही, अशा परिस्थितीत ती रेषा फक्त चौकशी समितीच्या उपयोगाची.

उलट बाजूचंही उदाहरण आहे, आणि नर्सिंगबद्दल भावुक होऊन लिहिणाऱ्यांनी ते जरूर वाचावं. कळा सुरू असताना कोणीतरी सतत सोबत असेल तर आपोआप बाळंत होण्याचं प्रमाण वाढतं, सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ आखडतो, हे पंधरा हजारांहून जास्त बायकांच्या एकत्रित आढाव्यात दिसलेलं आहे. या विषयावर आयुष्य घालवलेल्या एलेन हॉडनेट या कॅनडातल्या नर्स. त्यांनीच २००२ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १३ रुग्णालयांत ६९१५ बायकांवर चाचणी घेतली. खास शिकवलेल्या नर्सेस सोबतीला बसवल्या. सिझेरियनचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच आलं. का? या रुग्णालयांत कंबरेतली भूल, बाळाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र, कळा वाढवायचं ड्रिप हे सर्रास चालू होतं. हॉडनेट यांनी स्वतःच्या निष्कर्षाची सारवासारव केली नाही. अशा वातावरणात नर्सच्या सोबतीचा परिणाम झाकला जातो, असा अर्थ त्यातून लावता येतो. मला तो पटतो. चालू यंत्रणेला हात न लावता तिच्यात एक चांगली नर्स नेऊन बसवली तर यंत्रणा तिला गिळते.

इथे ‘एवढ्या नर्सेस आहेतच कुठे?’ हा प्रश्न येणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या अहवालाने जगात २ कोटी ७९ लाख नर्सेस मोजल्या, त्यात नव्वद टक्के स्त्रिया, आणि तुटवडा ५९ लाखांचा. ज्या वॉर्डात एकीच्या वाट्याला वीस-पंचवीस रुग्ण आहेत तिथे संशोधनाच्या गप्पा कशाला, असं कोणी चिडून म्हणालं तर त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण मनुष्यबळ किती लागतं हे आपल्याला कळलं ते तरी कसं? लिंडा एकन या नर्सने पेन्सिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचे आकडे तपासून २००२ साली दाखवलं, की एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. युरोपातल्या नऊ देशांत २०१४ साली पुन्हा तोच ७चा आकडा आला. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही, हा आक्षेप बरोबरच होता. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २०१६ साली काही रुग्णालयांना एका नर्सकडे किती रुग्ण याचं प्रमाण बांधून दिल्यावर काय झालं ते पाहिलं गेलं. २०२१ साली छापलेल्या त्या अभ्यासात मृत्यू, पुन्हा भरती होणं आणि रुग्णालयातला मुक्काम या तिन्हींत फायदा दिसला, आणि वाचलेला खर्च जास्तीच्या नर्सेसवर झालेल्या खर्चाच्या दुपटीहून अधिक निघाला. ‘नर्सेस वाढवा, पण पैसे कुठून आणायचे?’ याचं उत्तर कोणा अर्थमंत्र्याने नव्हे, नर्सेसनी शोधलेलं आहे.

काम कमी माणसांवर पडलं की आधी काय गळतं, हेही नर्सनेच विचारलं. बिएट्रिस कॅलिश यांनी २००६ साली राहून जाणाऱ्या कामांची यादी काढली. त्यात रुग्णाला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, धीर देणं, अंग पुसणं, लक्ष ठेवणं अशी नऊ कामं होती. इंजेक्शन राहत नाही, कारण ते लिहिलेलं असतं आणि सही करावी लागते. राहतं ते ज्याची सही नसते ते. वर नॉर्टन, होल्डन, हॉडनेट यांनी जे जे तपासलं, ते सगळं या सही नसलेल्या यादीत आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात तर मोजणीच चुकते. कितीतरी ठिकाणी एक खाट म्हणजे एक रुग्ण धरतात. कुशीतलं बाळ रुग्ण म्हणून मोजत नाहीत. त्या बाळाचं तापमान, अंगावर पिणं, कावीळ, शी-शू हे बघते ती नर्स मात्र तीच. कॅलिफोर्नियाच्या नियमांत निदान एका नर्सकडे आई-बाळाच्या चारच जोड्या, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. अशा नियमांचा आग्रह धरायला लाजायचं कारण नाही.

वेळ नाही म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारतो. केस काढण्यात, एनिमा देण्यात, रामबाण मलमं चोळण्यात किती लाख तास गेले असतील?

आता आपल्याच घरातली झाडझूड. नर्सिंगमध्ये संशोधन म्हणून जे होतं, त्यातलं बरंचसं टाकाऊ आहे. साचा ठरलेला असतो. साठ बायका घ्यायच्या, तीस प्रश्नांची ज्ञान तपासणारी प्रश्नावली भरून घ्यायची, अर्धा तास तक्ते दाखवून व्याख्यान द्यायचं, आठवड्याने तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. गुण वाढतात. वाढणारच, उत्तरं आत्ताच सांगितलीत. निष्कर्ष: ‘शिक्षण कार्यक्रम परिणामकारक ठरला.’ प्रबंध बांधून होतो, कपाटात जातो. स्तनपानाबद्दलचं ज्ञान वाढलं. दूध पाजलं गेलं का, स्तनाग्रांना चिरा पडल्यावर रात्री दोन वाजता कोणी मदत केली का, हे विचारलेलं नसतं. यात विद्यार्थिनीचा दोष मी कमी धरतो. तिला वर्षाच्या आत विषय मंजूर करून घ्यायचा असतो. वॉर्डात काही बदलून बघायचं म्हटलं तर दहा जणांच्या परवानग्या, प्रश्नावली भरून घ्यायची म्हटलं तर एकीची. व्यवस्थेने निरुपद्रवी प्रश्नांचा रस्ता सोपा ठेवला की प्रश्न निरुपद्रवीच येतात.

मग काय करायचं? कॉलेजांनी पहिल्यांदा हा साचा मोडावा. एका वर्षाच्या पन्नास विद्यार्थिनींनी पन्नास फुटकळ प्रबंध लिहिण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एका प्रश्नावर काम केलं, पुढच्या वर्षीच्या तुकडीने तेच पुढे नेलं, तर पाच वर्षांत काहीतरी ठोस हाती लागेल. शिरेतल्या सुया किती दिवस टिकतात, सिझेरियननंतर मूत्रनलिका कधी काढली तर बाईला कमी त्रास होतो, रात्री दर चार तासांनी उठवून बीपी घेतल्याने कोणाचं काय भलं होतं. असे प्रश्न कुठल्याही वॉर्डात पडलेले असतात. त्यांना यंत्रं लागत नाहीत. नोंदवही आणि चिकाटी लागते. मोजायचं काय, हे ठरवताना मात्र आधी ज्यांच्यावर प्रयोग होणार त्या बायकांना विचारायला हवं. नर्स बाईच्या जवळ असते म्हणून तिला बाईच्या मनातलं आपोआप कळतं, हा समज मिठाच्या पाण्याइतकाच तपासून घेण्याजोगा आहे.

रुग्णालयांकडून मला दोनच गोष्टी हव्यात आणि दोन्ही खर्चाच्या आहेत. वॉर्डातल्या नर्सला शिफ्टच्या आत, पगारी, संशोधनाचे ठरलेले तास. घरी जाऊन, मुलं झोपल्यावर करायचं काम म्हणून नव्हे. या पेशात नव्वद टक्के बायका आहेत, त्यांच्या ‘उरलेल्या वेळा’वर उभी राहिलेली कुठलीही योजना कोलमडते. आणि दुसरं म्हणजे एखादी रीत निरुपयोगी ठरल्यावर ती बंद करण्याचा प्रस्ताव नर्सने मांडला, तर त्याला अमुक दिवसांत लेखी उत्तर देण्याचं बंधन. नकार द्यायचा तर द्या, पण कारण लिहा आणि खाली सही करा. डॉक्टरांचा यात अपमान नाही. सेमेलवाइसला शेजारच्या वॉर्डातले आकडे मिळाले म्हणून त्याचं काही बिघडलं नव्हतं.

वॉर्ड तुडुंब भरला की सर्वांत आधी हेच तास कापले जातील, हे मला दिसतंय. आज जिथे असे तास दिले जातात तिथेही तेच होतं: कोणी रजेवर गेली की संशोधनाला बसलेल्या नर्सला उठवून खाटेपाशी उभं करतात, आणि रुग्ण समोर असताना तिलाही नाही म्हणवत नाही. म्हणून हे तास एखाद्या उत्साही मेट्रनच्या मर्जीवर न ठेवता ड्यूटीच्या तक्त्यात मनुष्यबळाच्या हिशेबातच धरायला हवेत, आणि किती तास कापले गेले याची नोंद दर महिन्याला रुग्णालयाच्या प्रमुखाकडे जायला हवी, जशी मृत्यूंची जाते.